फाटकावरची रेघ

५ मे १९८६, सोमवार

पोचले. जागा माझ्या अपेक्षेपेक्षा चांगली आहे, आणि मी असं सहसा लिहीत नाही.

सकाळी काकांच्या जीपने निघालो. काका, म्हणजे मावशीचे यजमान, जयपूरच्या छावणीत मेजर आहेत. मधुमतीमावशी मला सोडायला मुद्दाम बरोबर आली. चार दिवस तिच्याकडे राहिले तेवढ्यात तिने मला पुरतं ओळखलंय. भाजीत मीठसुद्धा मोजून घालतेस, उद्या नवऱ्यालासुद्धा टेप लावूनच पसंत करशील, असं वाटेत ड्रायव्हरसमोर म्हणाली. तो हसू दाबून गाडी चालवत होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मुरलीपुऱ्याचे कारखाने मागे पडले, उजवीकडे विद्याधर नगरच्या आखणीच्या खुंट्या दिसल्या, आणि पुढे नुसती वाळू आणि बाभळी. मग एक उंच दगडी भिंत लागली.

त्या भिंतीच्या आत नॉर्वे आहे.

खरंच आहे. एक सरळ गल्ली, दोन्ही बाजूंना तीन-तीन लाकडी घरं. आडव्या ओंडक्यांच्या, डांबराने काळ्या झालेल्या भिंती, पांढऱ्या खिडक्या, छपरावर भूर्जाच्या सालीचा थर आणि त्यावर माती आणि गवत. १९१२ साली इथल्या तांब्याचा व्यापार करणाऱ्या एका शेठजींनी तिकडचं एक खाणीचं गाव पाहिलं, त्यातली एक रिकामी पडलेली गल्ली विकत घेतली, ओंडक्यांवर आकडे कोरून ती उतरवून घेतली आणि बोटीने, रेल्वेने इथे आणून जशीच्या तशी उभी केली. बरोबर तिकडचा एक सुतारही आला होता. आता शेठजींचा ट्रस्ट आहे. त्यांना गल्लीची मोजणी आणि लाकडाच्या स्थितीचा अहवाल हवाय. मुदत तीन आठवडे.

मला त्याहून एक दिवसही जास्त परवडणार नाही. २८ मेला डेहराडूनच्या संस्थेत हजर व्हायचंय. लाकूड तपासणीच्या विभागात त्यांनी घेतलेली मी पहिली मुलगी. हजर झाले नाही तर नेमणूक रद्द, आणि मग बाबांनी धरून ठेवलेलं मिरजेचं स्थळ. ते तसं बोलून मोकळे झालेत. म्हणून २५ तारखेला इथून निघायचंच.

फाटकावर द्वारकाजी असतात. साठीचे, पांढऱ्या मिशा, गळ्यात किल्ली. इथले राखणदार, आणि त्यांचे वडीलही इथले राखणदार होते. त्यांनी आधी ड्रायव्हरची काडेपेटी काढून घेतली. भिंतीच्या आत विस्तव न्यायचा नाही, चूल नाही, कंदील नाही. जेवणाचा डबा ते बाहेरून देणार. लाकडाच्या गावात हा नियम मला पटला.

दुसरा नियम गमतीचा. आत मुक्काम करणाऱ्याची उंची फाटकाच्या लाकडी खांबावर नोंदवायची. त्या सुताराने घालून दिलेली रीत, असं द्वारकाजी म्हणाले. खांबावर कोळशाच्या पंधरा-वीस रेघा आहेत, आणि तीन रेघा मात्र धारदार हत्याराने कोरलेल्या. द्वारकाजींनी मला खांबाला टेकवलं आणि कोळशाने रेघ ओढली. मी वळून पाहिलं तर रेघ माझ्या डोक्याच्या चांगली वर. मी टेप लावला. १.६१. माझी उंची १.५८३ आहे. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, रहने दो बिटिया, यहाँ इतना ही लिखते हैं. मावशी हसून म्हणाली, अगं, दोन बोटं उंची फुकट मिळतेय तर घे की. मी कोळसा पुसला, टोच्याने १.५८३ वर बारीक रेघ कोरली, बाजूला तारीख घातली आणि फील्डबुकच्या पहिल्या पानावरही तो आकडा लिहिला. चुकीची खूण डोळ्यांसमोर राहिली तर मला सुचत नाही.

कोळसा खिशात टाकून द्वारकाजी फाटकाबाहेर जाऊन बसले.

६ मे, मंगळवार

मुक्काम तिसऱ्या घरात. एक खोली, भिंतीत बसवलेला लाकडी पलंग, टेबल, खिडकी. ही रोजनिशी फील्डबुकच्या मागच्या पानांत लिहिते आहे. पुढून आकडे, मागून मी.

कामाची पद्धत ठरवली. पहिल्या घराच्या कोपऱ्यात आरंभबिंदू. तिथून सहाव्या घरापर्यंत मोजत जायचं आणि तसंच मोजत परत यायचं. जाताना आणि येताना लांबी तीच निघाली पाहिजे. थोडा फरक येतोच, तो मोजणीची चूक. मर्यादेत असेल तर पुढे जायचं, नसेल तर पुन्हा मोजायचं. मोजणी जुळल्याशिवाय जागा सोडायची नाही. डिप्लोमाला असताना सरांनी एकदा आकडे जरा सारखे करून घे म्हणून सुचवलं होतं. मी केले नाहीत. त्यांनी मला त्या विषयात दुसरा वर्ग दिला. अजून वाईट वाटत नाही.

द्वारकाजी टेप धरायला येत नाहीत. दुसऱ्या घराच्या पुढे ते पाऊल टाकत नाहीत. पाय दुखतात म्हणाले, पण डबा द्यायला फाटकाशी धावत येतात. मग टेपचं शून्याचं टोक मी खिळ्यात अडकवते.

लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र रोज सकाळी तपासते. त्याच्या दोन सुया तळहातावर दाबायच्या. माणसाच्या अंगात पाणीच पाणी, त्यामुळे काटा शेवटापर्यंत गेला पाहिजे. गेला की बॅटरी ठीक. आज गेला.

८ मे, गुरुवार

पहिली मोजणी पूर्ण. जाताना ६१.४१२ मीटर, येताना ६१.४०६. फरक सहा मिलिमीटर. उत्तम.

दुपारी मावशी तिच्या धाकटीला घेऊन आली, गल्ली पाहायला. धाकटी जयपुरातच वाढलेली. ताई, हे घर मतलब पूरा खरं आहे ना, असं विचारत प्रत्येक दार उघडून पाहत होती. दोघी आत झोपणार नव्हत्या, तरी धाकटीने हट्टाने उंची नोंदवून घेतली. द्वारकाजींनी तिला बोटभर बुटकी केली आणि मावशीला वीतभर उंच. मावशी खूश. या गावातला हा एकच माणूस मला नीट ओळखतो, म्हणाली. मी टेप काढणार होते. द्वारकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो परत खिशात ठेवला.

दोघी पाच वाजता गेल्या. १८ तारखेला, रविवारी, मावशी मला जेवायला न्यायला येणार आहे.

लिहायची राहिलेली एक किरकोळ गोष्ट. माझ्या पलंगाशेजारची जमिनीची एक फळी भिंतीपर्यंत पोचत नाही. टोकाशी फट आहे. सहा मिलिमीटर.

१० मे, शनिवार

आज पुन्हा मोजलं. जाताना ६१.४१२, येताना ६१.३७१. फरक एक्केचाळीस मिलिमीटर. हे मर्यादेत बसत नाही.

पोलादी टेप उन्हाने लांबतो. बाहेर त्रेचाळीस अंश आहे. साठ मीटरला त्यामुळे फार तर पंधरा-सोळा मिलिमीटर, तेसुद्धा जाता-येता सारखेच. तेव्हा हे कारण नाही. खिळे तपासले, ओळंबा तपासला. पुन्हा मोजलं. एक्केचाळीस.

लाकडाचं दुसरंच काहीतरी आहे. जयपूरच्या मे महिन्यात लाकडात पाच-सहा टक्के ओलावा राहायला हवा, आणि इतक्या वर्षांत ओंडके तडकायला हवेत. इथे एकही तडा नाही, वाळवी नाही. यंत्र सगळीकडे चौदा टक्के दाखवतं. हा नॉर्वेतला ओलावा. छपरावरचं गवत हिरवं आहे आणि त्याला कोणी पाणी घालत नाही. मी द्वारकाजींना विचारलं की दुरुस्ती कोण करतं. ते म्हणाले, त्या सुतारानंतर इथे कुणी सुतार बोलावलाच नाही. मग मी विचारलं, तो सुतार परत कधी गेला. ते म्हणाले, त्याला जाताना कुणी पाहिलं नाही.

पलंगाशेजारची फट आज चार सेंटिमीटरच्या वर आहे. मोजून एक्केचाळीस मिलिमीटर. फळी लांबीला आकसत नाही, कुठलीच नाही. रुंदीला आकसते. पहिल्या वर्षाला शिकवतात.

१३ मे, मंगळवार

फरक २१२. फट २१२. दोन्ही आकडे तीनदा घेतले.

तिसऱ्या वेळी टेप ताणताना दुसऱ्या टोकाला खिळा नव्हता. म्हणजे खिळा निसटून खाली पडला होता, हे मला नंतर दिसलं. पण टेप ताठ होता. कुणीतरी सवयीच्या हाताने धरावा तसा, ना कमी ना जास्त. दुपारचे बारा वाजले होते, गल्लीत सावलीसुद्धा नव्हती. मी आकडा वाचला, लिहिला, मग टेप सोडला. तो सावकाश गुंडाळत माझ्याकडे आला.

बाकीच्या घरांच्या जमिनी पाहिल्या. तीन घरांत एकेक फळी वेगळी आहे. सहाव्या, पहिल्या आणि चौथ्या. बाकी लाकूड पाइनचं, गाठींचं. या तीन फळ्यांत एकही गाठ नाही, रंग फिकट, आणि कुठल्या झाडाच्या त्या मला सांगता येत नाही. असं मला पहिल्यांदाच होतंय. लांब्या १.८०, १.६८ आणि १.६२६.

फाटकाशी जाऊन कोरलेल्या तीन रेघा मोजल्या. १.८०. १.६८. १.६२६.

आता चौथी माझी आहे. परत येताना अंगातून वारं गेल्यासारखं झालं, पण वारा नव्हता.

१५ मे, गुरुवार

पाचव्या घराच्या कपाटात एक जुनं फील्डबुक सापडलं. सन १९५९. आतल्या पानावर सुबक मराठीत नाव, माधव रंगनाथ खांबेटे, ओव्हरसियर, मुक्काम सातारा, वय ३१. इतक्या लांब आलेला आपल्याकडचा माणूस म्हणून आधी बरं वाटलं.

पहिल्या दिवसाची नोंद अशी आहे. फाटकावर राखणदाराच्या मुलाने माझी उंची दोन इंच कमी लावली होती. ५ फूट ४ इंच अशी दुरुस्त करून कोरली.

पुढे सगळी गल्लीची मोजणी. जातानाची लांबी, येतानाची लांबी, फरक. पहिला फरक पाव इंच. मग वाढत गेलेला. शेवटचा फरक ५ फूट ३ इंच. त्यानंतर पानं कोरी.

चौथ्या घरात जाऊन त्या फळीचं टोक भिंगाखाली पाहिलं. वर्षाला एक अशी वाढीची कडी मोजली. खोडाच्या गाभ्यातून कापलेली फळी आहे, सगळी कडी येतात. एकतीस आहेत.

माझं वय चोवीस.

आजचा फरक ३८८. यंत्राच्या सुया तळहातावर दाबल्या. काटा शेवटापर्यंत गेला नाही. चाळीसवर थांबला. बॅटरी बदलली. चाळीस.

१७ मे, शनिवार

निघायचं ठरवलं. मोजणी न जुळता जागा सोडते आहे. आयुष्यात पहिल्यांदा, तरी सोडते आहे. डेहराडूनला आठ दिवस आधी पोचेन, एवढंच. बॅग भरली, सकाळी सातला निघाले.

पहिल्या घराच्या पायरीपासून फाटक १८.२० मीटर. माझ्या चालीने चोवीस पावलं. रोज डब्याला गेले आहे, मला पाठ आहे.

चोवीस पावलं झाली. फाटक होतं तिथेच. पन्नास झाली. द्वारकाजी फाटकाबाहेर खाटेवर बसलेले दिसत होते, विडी विझवताना दिसले. शंभर झाली. मागे वळले तर पहिल्या घराची पायरी टाचेला लागत होती.

टेपचं टोक पायरीला अडकवून चालले. तीस मीटरचा टेप संपला. फाटक तेवढंच लांब. भिंतीकडे गेले, घरांच्या मागून. भिंतही तशीच.

द्वारकाजींना हाका मारल्या. ते उठून फाटकाशी आले, डोळ्यांवर हात धरून आत पाहू लागले. अगदी माझ्याकडे. मग डबा उंबऱ्यावर ठेवून बसले. तो डबा मला दिसतो. दिवसभर दिसत होता.

फरक ६४०.

१८ मे, रविवार

मावशी आली. अकरा वाजता. जीप थांबल्याचा आवाज आला, मग ती फाटकात. हिरवी साडी, डोक्यावर छत्री. धाकटी बरोबर.

मी चालत राहिले. ओरडत राहिले. मी ओरडत नाही, घसा लगेच बसला. तिचं बोलणं मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं. ही पोरगी कुठे उलथली, द्वारकाजी, मी सकाळपासून पुरणाचं घालून बसलेय, असं ती हिंदीत सांगत होती आणि पुरण शब्दाला अडत होती. द्वारकाजी हात जोडून म्हणाले की बिटिया कालपासून दिसल्या नाहीत. धाकटी म्हणाली, मम्मी, ताई तिथे आहे ना, ती बघ, दारात उभी आहे. मावशीने पाहिलं. मग म्हणाली, अगं ती दाराची फळी आहे.

नंतर तिचा आवाज बदलला. रागाने नाही. ट्रस्टवाल्यांकडे जाते, काकांना सांगते, पोलिसांत जाऊ, असं ती घाईघाईने बोलत होती. माझं कौतुक ती कधी तोंडावर करत नाही. जाताना द्वारकाजींना म्हणाली, वह बिना बताए कहीं जानेवाली लड़की नहीं है.

जीप गेली.

८१५. सुया, तळहात, एकतीस.

२० मे, मंगळवार

काल दोन पोलीस येऊन गेले. बरोबर काका आणि ट्रस्टचा कारकून. सहाही घरांतून फिरले. मी माझ्या पलंगावर बसून होते. काकांनी माझी बॅग उघडली, साड्या नीट परत ठेवल्या. फील्डबुक माझ्या मांडीवर होतं, ते त्यांना दिसलं नाही. त्यांचा बूट पलंगाशेजारच्या फटीत अडकला. म्हणाले, यह तख्ता निकल गया है, कोई गिरेगा. त्यांच्या बाहीला हात लावला. कापड लागलं. त्यांनी माशी हाकलावी तशी बाही झटकली.

ते फाटकापर्यंत चोवीस-पंचवीस पावलांत गेले. मी त्यांच्या पाठीला लागून चालत होते. ते पोचले.

काकांच्या उंचीची रेघ तिथे नाही. कारकुनाची नाही. कुणाचीच खरी नाही. मला आता कळतंय, द्वारकाजी कोळशाने चुकीचं का लिहितात. त्यांचे वडील का लिहायचे.

११३०. भूक नाही. माठात पाणी आहे, प्यावंसं वाटत नाही.

२१ मे

द्वारकाजी दुसऱ्या घराच्या पुढे आले. पहिल्यांदा. चौथ्या घरासमोर उभे राहून रडले. १९५९ साली तेहतीस वर्षांचे होते. त्या माधवरावांना त्यांनी दोन इंच कमी लिहिलं होतं, त्या माणसाने हसून दुरुस्त केलं होतं.

मग गल्लीत उभं राहून, मी कुठे आहे ते ठाऊक नसताना, मोठ्याने बोलले. फाटकावरची तुमची रेघ रोज तासतो बिटिया, ती खाली पुन्हा निघते. या गावाला खरं माप लागतं. खोट्यातून याला काही बनवता येत नाही. तुम्ही तुमच्या हाताने, तुमच्या वहीत खोटं लिहा. माधवबाबूंनाही ओरडून सांगितलं होतं. त्यांनी लिहिलं नाही. या वेळी तरी ऐका. गलत लिख दो, बिटिया. एक बार.

गेले.

वहीचं पहिलं पान उघडून बसले आहे. १.५८३. लहान गोष्ट आहे. एक आकडा.

फील्डबुकातला आकडा खोडायचा नसतो. चुकला तर त्यावर एक रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. हा तर चुकलेलाही नाही.

२२ मे

नाही लिहिलं. दिवसभर —

१३९५. सुया दाबल्या. अठरा.

उजव्या हाताची बोटं सकाळी वाकत नव्हती. उन्हात धरली, मग वाकली. डांबराचा वास माझ्या केसांना येतो.

सर म्हणाले होते, प्रभा, तू एक दिवस या हट्टापायी —. पुढचं त्यांनी म्हटलं नव्हतं.

२३ मे

१५२०. फटीत आडवी होऊन पाहिलं. पाय जरा दुमडावे लागले. तीन बोटं कमी.

गार आहे आत. छान —

उठले. उठायला वेळ लागला.

२४ मे, शनिवार

लिहिलं.

ब्लेडने १.५८३ खरवडून काढला आणि त्या जागी १.६१० लिहिलं. द्वारकाजींचाच आकडा. वाचता येतं. प्रभा नाफडे, उंची १.६१०. खोटं.

फळी कुरकुरली. फट मोजली. काल पंधराशे वीस, आज सकाळी पंधराशे एकाहत्तर, आता नऊशे. पुन्हा मोजली. सहाशे चाळीस. उतरते आहे.

सुया. तेवीस. पुन्हा. तीस.

तहान लागली. माठातलं सगळं पाणी प्यायले. मनगटात नाडी लागते, जोरात.

नंतर

पहिल्या घराच्या पायरीवर बसले आहे. बॅग नको. फक्त वही. फाटकाकडे दहा पावलं चालून पाहिलं, फाटक दहा पावलं जवळ आलं. दम घ्यायला परत पायरीवर आले. पाय अजून जड आहेत. आता चौदा पावलं आणखी, एवढंच.

द्वारकाजींनी मला पाहिलं. खरंच पाहिलं. खाटेवरून उठले, फाटक सताड उघडून धरलंय. हाताने या, या, करताहेत. त्यांच्या मागे रस्ता दिसतो. उंटगाडी जाते आहे. उद्या २५. गाडी रात्रीची. डेहराडूनला सोमवारी नाही तर मंगळवारी —

खांबावरची माझी रेघ इथून दिसत नाही. गेली असेल.

उठते.

वही मिटताना पहिलं पान उघडलं गेलं. १.६१०. ब्लेडने कागद झिजलाय, पलीकडचा आकडा दिसतो. हीच वही ट्रस्टला द्यायची आहे. हीच डेहराडूनलाही दाखवायची होती. पहिल्याच पानावर, माझ्या हातचं, माझ्या नावापुढे —

बाहेर गेल्यावर करेन. फाटकाबाहेर, रस्त्यावर. तिथे काही होणार नाही.

चौदा पावलं.

पण बाहेर विसरले तर. किंवा त्याआधी कुणी पाहिलं तर. एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा, बाजूला सही. चार सेकंदांचं काम. तोवर फाटक काही —

द्वारकाजी नको नको म्हणून हात हलवताहेत. त्यांना कळत नाही, मी फक्त दुरु

१.६१० वर रेघ. वर १.५८